सात्यांची जागा

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. घरातली पुस्तकं म्हणजे माझी पाठ्यपुस्तकं आणि विहारातून आणलेली वंदनेची पातळ पुस्तिका. जंगलाबद्दल लिहायचं तर रोज जंगलात जाणाऱ्याने लिहावं. मी गोंदियाला शिकतो, शहराला लागून असलेल्या फुलचूरला खोली करून राहतो आणि गावी जातो ते सुटीपुरता. शिवाय ज्या गोष्टीबद्दल लिहायला बसलो आहे ती माझी नाहीच. ती बायकांची आहे. सासूने सुनेला दाखवायची, सुनेने पुढे तिच्या सुनेला. मधल्या पुरुषांना ती कळत नाही आणि त्यांनी विचारायचीही नसते. मला ती कळली तेव्हा तिथे काही उरलं नव्हतं. उरलं असतं तर मी गप्पच बसलो असतो.

श्रावण सरत आला, उकाडा आणि सर यांची आलटून पालटून पाळी सुरू झाली, की गोंदियाच्या बाजारात रस्त्याच्या कडेला बाया सात्या घेऊन बसतात. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळाच्या मातीतून वर येणाऱ्या रानातल्या अळंब्या. पांढरी छत्री, तिच्या मधोमध करडं टोक आणि जमिनीत खोल गेलेला लांब देठ. पळसाच्या पानांवर त्यांचे लहान ढीग मांडलेले असतात आणि वर ओलं फडकं. परवा कॉलेजला जाताना मी सायकल थांबवली. घ्यायच्या नव्हत्या, नुसता वास घ्यायचा होता. शेजारी एक गृहस्थ हिंदीत भाव करत होते. भाव जमल्यावर त्यांनी सहज विचारलं, "कहाँ से लाती हो, बाई?"

"जंगलातून," ती म्हणाली.

"कौन से जंगल से?"

ती नुसती हसली आणि उरलेल्या ढिगावरचं फडकं सारखं केलं.

ते हसू मला ओळखीचं होतं. आमच्या गावातही या प्रश्नाला एवढंच उत्तर आहे. सात्या कुठून आणल्या? जंगलातून. सख्ख्या बहिणीने विचारलं तरी हेच आणि नवऱ्याने विचारलं तरी हेच. यात कोणाला राग येत नाही. उलट याहून जास्त सांगणारी बाई गावात थोडी खुळी समजली जाते.

आमचं गाव सौंदडला रेल्वेतून उतरून पुढे काळीपिवळीने जावं लागतं आणि शेवटचा तुकडा पायी. गावाच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी अडवून केलेली शेतं, आणि दुसऱ्या अंगाला जंगल. इटियाडोह धरणाचं पाणी आमच्यापर्यंत येत नाही. आमची बांधी पावसावर आणि आमचा पावसाळा रोवण्यावर, म्हणजे धानाच्या लावणीवर. रोवणा उरकला, पाठी जरा सरळ झाल्या, की बाया आभाळाकडे कान लावतात. वीज कडाडली की सात्या निघतात असं आमच्याकडे मानतात. पुढे कॉलेजात मला कळलं, की वाळवी जमिनीच्या पोटात एक बुरशी जोपासते, आपण धान जोपासतो तशी, आणि ती बुरशी हवा जमली की वर डोकं काढते. ती सात्या. हे मी मायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वाळवीले तरी कोन उठवते? वीजच ना." मी वाद घातला नाही. 

प्रत्येक घरातल्या बाईची एक जागा असते. सात्या दरवर्षी त्याच वारुळाभोवती येतात, म्हणून जागा म्हणायचं. कोणत्या झाडापासून किती अंतरावर, कोणत्या उताराला, हे फक्त तिला माहीत. जागेचे काही नियम आहेत आणि ते मला लहानपणी अर्धेमुर्धे ऐकून माहीत होते. तिथे बोलायचं नाही. गेल्या वाटेने परत यायचं नाही. सगळ्या काढायच्या नाहीत, उमललेल्या काही जागेसाठी सोडायच्या. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे त्या मातीला लोखंड लावायचं नाही. विळा नाही, खुरपं नाही, कमरेला अडकवलेला कोयतासुद्धा अलीकडच्या झाडाला टांगून मग पुढे जायचं. बांबूच्या काडीने देठाभोवतीची माती सैल करायची आणि बोटांनी उचलायचं. लोखंड लागलं की जागा रुसते.

त्या दिवसांत गावच्या पांदीवर, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाटेवर, मोठी मजा असायची. बाया पहाटे एकेकट्या निघायच्या आणि उन्हं वर आल्यावर भलत्याच दिशेने परत यायच्या. टोपलीवर पळसाचा पाला. वाटेत दोघी समोरासमोर आल्या की थांबायच्या. आमच्या शेजारची देवकाबाई गोंडांच्या टोलीतली, म्हणजे त्यांच्या वस्तीतली, मायच्या बरोबरीची आणि जिभेने तिखट. ती मायला विचारायची, "काऊन व, सरपनाले गेली होती का?" माय म्हणायची, हो, पण ओलं होतं म्हणून सोडून आले. भर पावसात सरपण आणायला गेलेली आणि टोपलीवर पाला झाकून आलेली. दोघींच्या चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. मग देवकाबाई म्हणायची, "माहंबी तसंच झालं." आणि दोघी आपापल्या घराकडे वळायच्या. संध्याकाळी दोन्ही घरांच्या चुलीवरून एकच वास यायचा. पहिल्या सरीनंतर मातीचा येतो त्यापेक्षा जड, थोडा कोंबडीच्या रश्शासारखा. त्या दिवशी आमच्या घरी कोणी दुसरी भाजी मागायचं नाही.

मला आठवतो तो मात्र दोन वर्षांपूर्वीचा श्रावण, ज्यात हा वास आला नाही.

त्याची सुरुवात आधीच्या हिवाळ्यात झाली. गावाला लागून असलेल्या जंगलाचा एक भाग तोडीला लागला. आमच्याकडे त्याला कूप म्हणतात. कूप लागणं ही काही नवी गोष्ट नाही. ठरलेल्या वर्षी लागतो, झाडांवर खुणा होतात, तोड होते, मग फुटवे येतात. माझे बाबा तरुणपणी कुपात ओंडके ओढायचं काम करायचे. हेल्यांची, म्हणजे रेड्यांची, जोडी जुंपून साखळीने ओंडका नाल्याजवळच्या बंडीवाटेपर्यंत, म्हणजे बैलगाडीच्या रस्त्यापर्यंत, आणायचा. एकदा उतारावर ओंडका घसरला आणि त्यांच्या पायावर आला. तेव्हापासून ते लंगडतात. या वेळी कूप घेणाऱ्या कंत्राटदाराने हेले नाही आणले. साखळीवर चालणारं एक मोठं मशीन आणलं, पुढे लाकूड धरायचा पंजा असलेलं, आणि मागे ओंडके वाहायला जड ट्रक.

मशीन येण्याआधी जंगलाचा गार्ड कंत्राटदाराच्या माणसाला घेऊन गावात आला होता. गार्ड भला माणूस. मशीन कुठून न्यायचं ते ठरवायचं होतं, म्हणून त्याने ग्रामपंचायतीसमोरच्या चिंचेखाली लोक जमवले. मी सुटीत घरी होतो म्हणून मागे उभा होतो. त्याने सरळ विचारलं, मशीन कुठं गेलं नाही पाहिजे ते सांगा, तिथं चुना टाकून देतो. टोलीतल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या देवाचं झाड सांगितलं. कोणी मसणाची जागा सांगितली, कोणी झरा सांगितला. आमच्या वस्तीने काही सांगितलं नाही. आमचा जंगलात देव नाही. मग गार्डने मागे बसलेल्या बायांकडे पाहून विचारलं, "बायांनो, तुमचं काई?"

बाया गप्प. देवकाबाईने पायाच्या अंगठ्याने मातीवर रेघ ओढली. माझी माय पदराचं टोक पाहत होती. त्या वेळी तिथे बसलेल्या प्रत्येक बाईच्या मनात जंगलातलं एकेक वारूळ असणार, हे आज मला कळतं. त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं बायांना बोलायची लाज वाटते. आणि सांगणार तरी कशा? चार लोकांत जागा सांगितली म्हणजे ती गेली. गार्ड म्हणाला, मग बाकी सारं मोकळं. कंत्राटदाराच्या माणसाने मान हलवली.

मशीन आलं तेव्हा अर्धं गाव पाहायला गेलं. मीही गेलो. खोटं कशाला सांगू, पाहत राहावंसं वाटत होतं. पंजा ओंडक्याला असा उचलायचा जसा आपण थाळीतून काकडीची फोड उचलतो. साखळीखाली वाळलेली पानं चुरचुरायची आणि मागे जमिनीवर एकसारखी नक्षी उमटायची. बाबा काठीवर रेलून बराच वेळ पाहत होते. घरी येताना म्हणाले, "हे तवा असतं तं माहा पाय धड रायला असता." त्यांचं हे वाक्य मी विसरत नाही. मशीनबद्दल काही वाईट लिहायला लागलो की ते आधी आठवतं.

कोरड्या जमिनीवर काम झालं असतं तर कदाचित एवढं बिघडलं नसतं. पण काम लांबलं आणि मध्येच अवकाळी पाऊस आला. मोह गळायच्या दिवसांत दोनतीन दिवस आभाळ फाटल्यासारखं झालं. काम मात्र थांबलं नाही. ट्रक ओल्या जमिनीत रुतायला लागले. एक वाट चिखलाने निकामी झाली की चालक तिच्या शेजारून दुसरी वाट करायचा, ती निकामी झाली की तिच्या शेजारून तिसरी. चुना टाकलेल्या जागा त्यांनी पाळल्या. देवाच्या झाडाला धक्का लागला नाही, झऱ्यालाही नाही. त्या सोडून बाकी सगळीकडे चाकोऱ्या झाल्या. उन्हाळ्यात त्या वाळून विटांसारख्या कडक झाल्या. तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या लोकांचे पाय त्यांच्या कडांवर मुरगळायचे. लोक दोन शिव्या घालायचे आणि पुढे जायचे.

त्याच उन्हाळ्यात माझ्या दादाचं लग्न झालं. वहिनी गोंदियाजवळच्या मोठ्या गावातली. जंगल तिने एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. पण सात्यांच्या जागेचं तिला कोणीतरी सांगितलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात सासू सुनेला घेऊन जाते आणि जागा दाखवते. त्या दिवसापासून सून घरची होते. आमच्याकडे लग्नात मंगलाष्टकं नसतात, पण ही एक गोष्ट मात्र जातीजमातीचा भेद न करता सगळ्या घरांत आहे. मला वाटतं, वहिनी त्या दिवसाची वाट पाहत होती. नव्या घरात माणसाला काहीतरी आपलं हवं असतं.

श्रावणात वीज झाली. दुसऱ्या पहाटे दोघी गेल्या आणि रिकाम्या आल्या. माय म्हणाली, अजून वेळ झाली नाही. पुन्हा वीज झाली, पुन्हा गेल्या, पुन्हा रिकाम्या. तिसऱ्या वेळी वहिनी आधी एकटीच परत आली, टोपली ओसरीवर ठेवली आणि सरळ भांडी घासायला बसली. माय उशिरा आली. तिच्या लुगड्याला पोटरीपर्यंत चिखल होता.

काय झालं ते वहिनीने मला पुढे सांगितलं. माय तिला जंगलात घेऊन गेली आणि एका ठिकाणी थांबली. मग म्हणाली, इथं नाही, तिकडं. मग तिकडं जाऊन म्हणाली, नाही, मागंच होतं. ज्या झाडाच्या खुणेवर ती जागा ओळखायची ते झाड तोडीत गेलं होतं. वारूळ सपाट झालं होतं. समोर एक लांब चाकोरी, तिच्यात गढूळ पाणी आणि पाण्यात बेडकाची पिल्लं. माय काठावर उभी राहून म्हणाली, इथंच असेल. वहिनीला वाटलं, सासू आपल्याला मुद्दाम भलतीच जागा दाखवते आहे. "मले परकं समजते तुमची माय," ती मला म्हणाली. "नाई दाखवाची तं नाई म्हना. डबकं कायले दाखवता?"

 जागा नियमाप्रमाणे फक्त मायलाच माहीत होती. साक्षीला कोणी नव्हतं. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ज्या गोष्टीचा आयुष्यभर कोणाला पत्ता लागू दिला नाही, ती होती हे आता कोणाला पटवून देणार? त्या दिवसांत माय आणि वहिनी एकमेकींशी बोलायच्या ते मीठ कुठं आहे आणि गाय बांधली का एवढंच. दादा मधल्या मध्ये अडकला होता. बाबा बाहेर खाट टाकून पडून राहायचे.

हळूहळू कळलं की त्या वर्षी गावातल्या बहुतेक चुलींवर सात्या शिजल्या नाहीत. पण कोणी तसं म्हणत नव्हतं. म्हटलं तर आपली जागा कुठे होती ते सांगावं लागलं असतं. पांदीवर बाया आधीसारख्याच भेटायच्या, टोपल्या पाल्याने झाकलेल्या, फक्त आतून रिकाम्या. सरपण ओलं होतं, सोडून आले. आता ते खरंच तसं होतं. गमतीची गोष्ट हसू न येता घडत राहावी, तसं काहीतरी.

मी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि भूगोलाच्या मॅडमनी मातीचा एक प्रयोग शिकवला होता. पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी कापायचा, जमिनीत थोडा ठोकायचा आणि आत पाणी ओतून ते मुरायला किती वेळ लागतो ते पाहायचं. मॅडम म्हणाल्या होत्या की चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी पोकळीच असते. हवा आणि पाणी त्या पोकळीतून फिरतं, मुळं त्यातून वाट काढतात. ओल्या मातीवर जड वजन गेलं की ही पोकळी मिटते, आणि सगळ्यात जास्त मिटते ती पहिल्या काही फेऱ्यांतच. मी विचारलं होतं, परत उघडायला किती वर्षं? त्या म्हणाल्या, मातीवर अवलंबून आहे. मुळं, गांडुळं, वाळवी हेच तिला उघडतात, आणि त्यांना आत शिरायला आधी ती थोडी उघडी लागते.

मला वाटलं, हे वहिनीला दाखवलं तर तिचा राग जाईल. म्हणून एका रविवारी पाऊस उघडल्यावर डबा घेऊन मी दोघींना जंगलात नेलं. आधी न तोडलेल्या भागात, करवंदीच्या जाळीजवळ डबा ठोकला आणि पाणी ओतलं. ओतता ओतताच ते गेलं. मग दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर, जिथून साखळी गेली होती, तिथे ठोकला. डबा ठोकतानाच दगडावर ठोकल्यासारखा आवाज आला. पाणी ओतलं आणि ते तिथेच राहिलं. आम्ही बसून होतो. माय घरून आणलेली भाकरी तोडत होती. पाण्यावर एक मुंगी तरंगत होती. आमच्या भाकरी संपल्या तरी ती तरंगतच होती.

वहिनी वाकून बघत होती. तिच्या माहेरी बांध्या आहेत. ती म्हणाली, "हे तं बांधी झाली, भाऊजी."

पुस्तकात मी इतकं वाचलं, पण हे मला सुचलं नव्हतं. आम्ही धान लावताना हेच तर करतो. पाणी खाली जाऊ नये म्हणून माती चिखलतो, तुडवतो, तिची पोकळी मुद्दाम बुजवतो. धानाला तशी जमीन हवी असते. जंगलाला नको असते. मशीनने काही वेगळं केलं नव्हतं, फक्त जंगलाची बांधी केली होती. मला आनंद झाला की आता वहिनीला पटलं. पण ती मायकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "पन जागा इथंच होती, हे कायवरून?"  माय उठली आणि भाकरीचं फडकं झटकून चालू लागली.

देवकाबाईने त्या पावसाळ्यात एक उद्योग केला. तिच्या रोवण्यातून उरलेली धानाची रोपं, ज्यांना आम्ही पऱ्हे म्हणतो, ती तिने जंगलात नेऊन एका चाकोरीत रोवली. कोणी विचारलं तर म्हणायची, पाणी थांबते तर धान तरी होईल. सगळे हसले. पण रोपं लागली. भाद्रपदात गेलो तर सागाच्या खुंटांमधून हिरवी सरळ रेघ गेलेली, वाऱ्यावर डोलणारी. इतकी सुंदर दिसत होती की मी तिथे जास्त थांबलो नाही. लोंब्या भरायच्या आधी रानडुकरांनी ती खाल्ली. ती चाकोरी नेमकी तिथेच का निवडली, हे मी देवकाबाईला विचारलं नाही. एवढं मला आता कळतं.

गोंदियाच्या खोलीत बसून मी पुष्कळ विचार केला की चिंचेखाली त्या दिवशी चूक कोणाची झाली. गार्डने विचारलं होतं. त्याने विचारलं नसतं तर दोष द्यायला सोपं गेलं असतं. बायांनी सांगितलं नाही. पण त्यांना खुळ्या म्हणायची माझी तयारी नाही. लपवण्यामुळेच तर त्या जागा इतकी वर्षं टिकल्या होत्या. जागा सर्वांना माहीत असती तर पहिल्याच विजेनंतर सगळ्या सात्या बाजारात गेल्या असत्या आणि जमिनीसाठी एकही उरली नसती. एका जागेला एक बाई, म्हणजे तिला राखणारं एक माणूस. ती रीत माणसांपासून राखायला पुरेशी होती. मशीनपासून कसं राखायचं हे कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं. विळाही अलीकडच्या झाडाला टांगून जाणाऱ्या बायांनी, त्या मातीवरून एवढं लोखंड जाणार हे समोर ऐकलं आणि नियम मोडू नये म्हणून त्या तोंड मिटून बसल्या. चुकत असेन, पण मला यात दोन्ही गोष्टी दिसतात आणि त्यांतली एक निवडता येत नाही.

गेल्या वर्षीही तोडलेल्या भागात सात्या आल्या नाहीत. चाकोऱ्यांच्या कडेने थोडा तरोटा, म्हणजे टाकळा, उगवला होता, एवढाच फरक. माय आणि वहिनी आता बोलत होत्या, नीटच बोलत होत्या. पण वीज झाली तरी त्या पहाटे कोणी टोपली उचलली नाही.

यंदा नाल्यापलीकडचा कूप लागणार असं रोवण्याच्या दिवसांतच कळलं. तोड हिवाळ्यात, पण वाटा आखायला गार्ड भाद्रपदात येणार होता. नाल्यापलीकडे अजून काही बायांच्या जागा असणार, हे न सांगता सगळ्यांना माहीत. मी वहिनीला फोन केला. म्हटलं, या वेळी तरी सगळ्यांना बोलायला लावा. जुन्या बंडीवाटेनेच मशीन न्यायला सांगा, जमीन सुकल्यावरच आणायला सांगा, आणि जागा दाखवून द्या.  ती म्हणाली, "कोनी नाई सांगत, भाऊजी. मेल्या तरी नाई सांगत." माझी परीक्षा होती, मला जाता येत नव्हतं. मग गावाकडे वादळ झालं आणि टॉवर बंद पडला. गार्ड येण्याचा दिवस गेला. मी रोज फोन लावायचो आणि फोनमधली तीच बाई हिंदीत, मराठीत सांगायची की संपर्क होऊ शकत नाही. खोलीतला मित्र म्हणाला, "जंगल काय पळून जाऊन राहिलं का बे?" मला त्याचं हसू आलं नाही.

काल संध्याकाळी शेवटी फोन वाजला. वहिनी होती. ती दम न घेता बोलत सुटली, म्हणून मी आधी घाबरलो.

गार्ड येण्याच्या आदल्या दिवशी तिने तिचं एक जुनं लुगडं फाडलं, चिंध्या केल्या आणि नाला ओलांडून गेली. जिथे मनाला येईल तिथे झाडांना चिंध्या बांधत सुटली. वारूळ असो नसो. मायने विचारलं, हे काय करून राहिली, तर म्हणाली, "माही जागाच नाई. मले लपवाचं काय?" ते खरं होतं. गावात ती एकटीच अशी होती की जिला कुठेही चिंधी बांधता येत होती, कारण तिच्या चिंधीवरून कोणाला काही कळणार नव्हतं. दुपारी लोकांनी पाहिलं तर चिंध्या वाढलेल्या. त्यांत हिरव्या होत्या, वहिनीच्या लुगड्याच्या नसलेल्या. मग पिवळ्या. संध्याकाळपर्यंत नाल्यापलीकडे कोणकोणाची लुगडी झाडांना लागली होती ते सांगता येईना. खऱ्या जागेवरची चिंधी कोणती आणि खोटी कोणती हे बांधणारीलाच माहीत.

गार्ड आला. त्याने कमरेवर हात ठेवून सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, यातल्या खऱ्या किती? देवकाबाई म्हणाली, "साऱ्याच खऱ्या. टाक चुना." त्याने डोकं खाजवलं. एवढ्या चिंध्यांमधून मशीन जाणार कुठून? शेवटी त्याने नाल्याकाठची जुनी बंडीवाट धरली, जिच्यावरून बाबा हेले न्यायचे, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी चुना टाकत गेला. कंत्राटदार ते पाळेल की नाही, अवकाळी येईल की नाही, हे हिवाळ्यात कळेल. बाबा म्हणाले म्हणे, वाट चांगली आहे, फक्त उतारावर जपा.

एवढं सांगून वहिनी थांबली. मला वाटलं संपलं. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, आणखी एक आहे. चिंध्या बांधताना एका ठिकाणी ती अशीच, काही विचार न करता, वाकली होती. झाडाच्या पलीकडे जमीन तडकलेली दिसली आणि तड्यातून पांढरी टोकं वर आलेली. तिने हात लावला नाही. वर पाला टाकला, घरी आली आणि मायला म्हणाली, चला. माय कोयता घरी ठेवून निघाली. यंदा आमच्या घरात सुनेने सासूला जागा दाखवली. दोघींनी बांबूच्या काडीने काढल्या, उमललेल्या तशाच ठेवल्या आणि दुसऱ्या वाटेने आल्या. मायने भाजी केली. बाबांनी दोनदा मागून घेतली.

"कुठं निघाल्या सात्या, वहिनी?" मी विचारलं.

फोनमध्ये मागे भांड्यांचा आवाज आला आणि माय काहीतरी म्हणाली, ते मला नीट ऐकू आलं नाही. वहिनी हसली.

"जंगलात, भाऊजी," ती म्हणाली.